मागून येणारा आवाज

"गाडी रडतेय हो," नर्सबाई म्हणाल्या, आणि त्याला एकदम रागच आला. गाडी रडत नाही. गाडी घासते, ठोकते, घुमते, कधी शिट्टी मारते. त्यातलं नेमकं काय ते सांगता आलं की अर्धं काम तिथंच झालं. हे दादाचं म्हणणं. कुणी गिऱ्हाईक 'कसातरीच आवाज येतो' म्हणालं की दादा फडक्याला हात पुसत विचारायचा, "कसातरीच म्हणजे कसा? तोंडानं काढून दाखवा." मग भलेभले लोक, बँकेतले साहेब, कॉलेजातले सर, गॅरेजच्या दारात उभे राहून ओठांचा चंबू करून घुर्र, किर्र, हूं असे आवाज काढायचे, आणि दादा डोळे मिटून गंभीर चेहऱ्याने ऐकायचा. ते गेल्यावर दोघं भाऊ पोट धरून हसायचे. नर्सबाईंना मात्र त्याने आवाज काढून दाखवायला सांगितलं नाही. कारण त्या पुढे म्हणाल्या, "गिअर बदलल्यापासून." आणि त्यांच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलमधले गिअर दादाने बदलले होते.

दादा आत स्टुलावर बसून कार्बोरेटरचे सुटे भाग रॉकेलमध्ये धूत होता. त्याने मान वर केली. "या सिस्टर. काय म्हणतेय गाडी?"

"मागून आवाज येतोय. वेग घेतला की जास्त."

"अच्छा. बघतो आम्ही. बसा."

नर्सबाई बाकावर बसल्या. दादाने पुन्हा डबड्यात हात घातला. रस्त्यावरून एक मालाचा ट्रक गेला, भिंतीवर टांगलेले पाने किणकिणले आणि थांबले. तो, धाकटा भाऊ, हवेचा पाइप गुंडाळत होता. दादाने मान वर केली, आणि त्याच प्रसन्न चेहऱ्याने, त्याच सुरात म्हणाला, "या सिस्टर. काय म्हणतेय गाडी?"

पाइप गुंडाळणारा हात थांबला. दादा थट्टा करतोय असं त्याला वाटलं, आणि हसायची तयारी म्हणून त्याचा चेहरा थोडा सैलही झाला. पण दादा वाट बघत होता. नर्सबाई क्षणभरही अडखळल्या नाहीत. आत्ताच दारातून आल्यासारखं त्यांनी सांगितलं, "मागून आवाज येतोय. वेग घेतला की जास्त."

"अच्छा," दादा म्हणाला. "बघतो आम्ही. बसा."

त्यानंतर गाडी बाहेर काढताना, आरसा नीट करताना, नर्सबाईंच्या पायाशी त्यांची पिशवी आडवी पडू नये म्हणून ती मागच्या सीटवर ठेवताना तो मनातल्या मनात कारणं जुळवत राहिला. रॉकेलचा वास डोक्यात जातो. दादाला सकाळपासून चहा मिळालेला नाही. माणूस कामात गढला की त्याला भान राहत नाही. आपणही परवा पाना हातात धरून तोच पाना शोधत होतो की. ही कारणं त्याला इतकी पटापट सुचली, की ती त्याने आधीच कधीतरी घडवून ठेवली असावीत असं त्याचं त्यालाच वाटलं. मागच्या महिन्यात दादा एका जुन्या गिऱ्हाइकाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारत राहिला, तेव्हाही त्याच्याकडे कारण होतं. गॅरेजच्या फाटकाशी आल्यावर दादा हल्ली थोडा थांबतो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, मग घराकडे वळतो. रहदारी वाढलीय. बघूनच रस्ता ओलांडावा माणसाने.

गाडी जुनी, मागे लांबट, पसरट. नर्सबाई त्यातून घरोघर जायच्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा बांधायला, सुया द्यायला. मागे एक घडीचा वॉकर होता, आणि गाडीभर स्पिरिटचा वास होता. पुलाचा चढ सुरू झाला, त्याने पाय दाबला, आणि आवाज आला. बारीक, लांब, एकाच सुरातला. वेग वाढला तसा तो चढत गेला. पाय उचलला की विरघळून जायचा, दाबला की पुन्हा मागच्या सीटखालून उठायचा. 'रडतेय' हा शब्द काही अगदीच चुकीचा नव्हता, हे त्याला मान्य करावं लागलं आणि त्यामुळे तो जास्तच चिडला. कारण आवाज ऐकताक्षणीच तो कुठला हे त्याला कळलं होतं. पाय दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर जाणारा आवाज दात एकमेकांत नीट न बसल्याचा असतो. दादानेच शिकवलं होतं. तरीही त्याने गाडी डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर नेली. टायरचा आवाज असेल तर रस्ता बदलला की बदलेल. बदलला नाही. मग रिकाम्या मैदानाशेजारच्या रस्त्यावर त्याने गाडी एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर झुकवली. चाकाचं बेअरिंग गेलं असेल तर भार पडलेल्या बाजूला गुरगुरेल. नर्सबाईंनी दाराची कडी धरून ठेवली. बेअरिंग गप्प होतं. चाक असू दे, टायर असू दे, शाफ्टचा जॉइंट असू दे, असं तो कुणाला विनवत होता कोण जाणे. दादाच्या हातचं काही नसू दे.

"कधीपासून?" नर्सबाईंनी विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, गिअर बदलल्यापासून."

"गाडीचं नाही विचारत मी."

त्याने गाडी कडेला घेतली. घ्यायचं कारण नव्हतं, पण घेतली. समोर एका दुकानाचं शटर अर्धं उघडून आत कुणीतरी झाडत होतं, आणि धूळ उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभी राहत होती.

"थकतो हल्ली तो," तो म्हणाला. "वय झालं."

"हो," नर्सबाई म्हणाल्या. पेशंटच्या घरच्या माणसांशी बोलायचा त्यांचा सूर असावा तो, न घाई करणारा. "थकवा असेल तर उत्तमच. पण एकदा दाखवून घ्या. मी डॉक्टर सांगते तुम्हाला. असं लवकर कळलं तर पुढचं सोपं जातं."

"बरं होतं का?"

नर्सबाई रस्त्याकडे बघत राहिल्या. "सोपं जातं," त्या पुन्हा म्हणाल्या.

नर्सबाईंना त्यांच्या पुढच्या पेशंटच्या दारात सोडून, गाडी उद्या सकाळी न्या असं सांगून तो परतला, तेव्हा दादा हात धूत होता. जेवायची वेळ झाली होती. "येतोस?" दादाने विचारलं. "तू हो पुढं, मी ही बघतो," तो म्हणाला. दादाने गाडीकडे पाहिलं, कुणाच्याही गाडीकडे बघावं तसं, आणि रुमाल खांद्यावर टाकून निघाला. पूर्वी असं झालं नसतं. आवाज सापडत नसला की दादाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वहिनी डबा पाठवायची, डबा संध्याकाळी तसाच परत जायचा, आणि दादा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानावर टेकवून मांडी घालून बसलेला असायचा. त्या स्क्रू-ड्रायव्हरची मूठ पहिल्यांदा दादाने त्याच्या कानावर टेकवली तेव्हा तो शाळेत होता. वडील गेले होते, गॅरेज दादाच्या अंगावर आलं होतं. कानावर थंडगार मूठ, आणि तिच्यातून एकदम सगळी गाडी आत आलेली, केवढी मोठी, गरगरणारी. तो दचकून मागे सरला होता. "घाबरतोस काय? ऐक," दादा म्हणाला होता. "हा गोल आवाज ऐकू येतोय? हा चांगला. यात कुठं खडा लागला तर सांग." पुढच्याच वर्षी वहिनी घरात आली. दादा-वहिनीला मूल झालं नाही, तो होता. त्याचे ग्रीसने माखलेले शर्ट वहिनीनेच धुतले. त्याचं लग्न जमवायच्या खटपटी दोघांनी काही वर्षं केल्या आणि सोडून दिल्या. "ह्याचं लग्न पान्याशी लागलंय," असं दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि वहिनी म्हणायची, "मग सूनबाईंना धुऊनपुसून आणा घरात."

त्याने गाडी घोडीवर चढवली, चाकं मोकळी केली, ॲक्सलखाली टोपलं सरकवून तेल सोडलं. तेल नवं होतं, मधाच्या रंगाचं, पण त्यात चंदेरी भुकटी तरंगत होती. बोटावर घेऊन त्याने ती उन्हात धरली. लोखंड लोखंडाला खात होतं. हे काम झालं त्या आठवड्यात तो तापाने फणफणलेला होता. वरच्या खोलीत पडून खाली घरात दादाचं येणं-जाणं ऐकत होता. 'जमतंय ना एकट्याला?' असं त्याने विचारलं होतं आणि दादा म्हणाला होता, "तू जन्मायच्या आधीपासून जमतंय." त्याने मागचं झाकण काढलं, दातांना रंग लावला, गिअर हाताने फिरवला. रंगाचा ठसा दाताच्या मधोमध पडायला हवा. तो अगदी कडेला पडला होता, नखाच्या कोरीएवढा. क्षणभर त्याला हायसं वाटलं. म्हणजे शिम चुकली असेल, पातळ चकती जायच्या जागी जाड गेली असेल. चकतीची चूक कुणाचीही होते. त्याची स्वतःची कितीदा झाली होती! चकती बदलू, दादाला कळायच्या आत गाडी जमिनीवर. तो गुणगुणायलासुद्धा लागला होता. मग त्याने क्राउन, म्हणजे ते मोठं दातेरी चाक, बाहेर काढलं, आणि आत राहिलेल्या पिनियनचं, त्याच्या जोडीच्या छोट्या दातेरी चाकाचं, तोंड फडक्याने पुसलं.

क्राउन नवं होतं. पिनियन जुनं होतं. दातांची टोकं झिजून आरशासारखी झालेली, एका दाताला तोच जुना टवका, ज्याच्यामुळे जोडी बदलायची ठरली होती. तोंडावर कोरलेला आकडा क्राउनवरच्या आकड्याशी जुळत नव्हता. जुळणार कसा? त्याने तरीही पुन्हा पुसून बघितला. मग आणखी एकदा. हे दोन गिअर कारखान्यात एकमेकांवर घासून तयार करतात, त्याचा जोडीदार तोच, दुसरा चालत नाही, हे गॅरेजात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दादाने पहिल्या दिवशी सांगितलेलं असे. धुण्याआधी दादा जोडी तांब्याच्या तारेने बांधून ठेवायचा, चुकून दुसरीत मिसळू नये म्हणून. कुणी हसलं तर हसू दे. तो दादा झिजलेल्या पिनियनवर नवी बेअरिंगं चढवून, ते नव्या क्राउनसमोर बसवून, बोल्ट आवळून, तेल भरून मोकळा झाला होता. आणि मन लावून बसवलं होतं. प्रत्येक बोल्टला खूण केलेली होती, सीलच्या कडेने बोट फिरवून ग्रीस लावलेलं होतं, एक थेंब बाहेर नव्हता. कुठं हयगय दिसली असती तर त्याला सोसलं असतं. इतकं निगुतीने केलेलं इतकं चुकीचं काम बघून तो तिथंच, गाडीच्या पोटाखाली, हात छातीवर ठेवून पडून राहिला.

नवं पिनियन मग कुठंतरी असलं पाहिजे, हे त्याला बऱ्याच वेळाने सुचलं. सुट्या भागांच्या मांडणीवर नव्या जोडीचं खोकं होतं. त्याने झाकण उघडलं. आत तेलकट कागद नीट अंथरलेला होता, आणि कागदावर दादाचे काळे बूट ठेवलेले होते. ठेवणीतले, लग्नाकार्यात घालायचे, पॉलिश केलेले, नाड्या आत खोचलेल्या. एकमेकांकडे तोंड करून, जागा वाचेल असे.

घर मागच्याच गल्लीत होतं. वहिनी बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि त्यामागे दादाचं झोपेतलं घोरणं. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. हात न धुता घरात आल्याबद्दल ती नेहमी बोलायची. आज बोलली नाही.

"वहिनी, दादाच्या चांगल्या बुटांचा डबा कुठं असतो?" त्याने हळू विचारलं.

तिच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडायचा राहिला. ती उठली, कपाटाच्या तळातून पुठ्ठ्याचा डबा दोन्ही हातांनी ओढत बाहेर काढला आणि त्याच्यासमोर फरशीवर ठेवला. ठेवताना जड आवाज झाला. दोघांनीही आतल्या दाराकडे बघितलं. घोरणं चालू होतं.

"मी झाडायला काढला तेव्हा कळलं," ती म्हणाली. "बूट एवढे जड कसे म्हणून उघडला. काहीतरी गाडीचं आहे एवढं समजलं. तुला द्यावं असं रोज मनात यायचं. पण दिलं की झालंच ना ते खरं. म्हटलं, राहू दे तिथंच."

"आणखी काही होतं का असं?"

"असं म्हणजे?" ती हसली, पण हसू ओठांवर टिकलं नाही. "परवा मला म्हणाले, तू जेवून जा, उशीर झालाय, तुझ्या घरचे काळजी करत असतील. मी म्हटलं, जेवते. काय म्हणणार?" तिने टॉवेल पुन्हा झटकून पहिल्यापासून घडी घालायला घेतली. "पाच मिनिटांत परत तेच आपले हे. शर्टाचं बटण तुटलंय म्हणून माझ्यावर ओरडायला लागले. इतकं बरं वाटलं ओरडले तेव्हा."

त्याने वाकून डबा उघडला. डब्यातलं पिनियन तेलकट कागदात गुंडाळलेलं होतं, आणि त्यावरून दादाचा जुना लोकरी मफलर. थंडी लागू नये तसा.

"ह्यांना सांगू नकोस हं," वहिनी म्हणाली. "मला कळलंय म्हणून. माझ्यासमोर फार जपतात स्वतःला. सकाळी उठल्यावर आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघून येतात, मग माझ्याशी बोलायला लागतात. तेवढं तरी राहू दे त्यांचं."

मफलर तिच्या हातात देऊन तो पिनियन शर्टाच्या पोटाशी धरून बाहेर पडला. गल्लीतून जाताना त्याला आपण काहीतरी चोरून नेतोय असं वाटत होतं.

दादा येण्याआधी सगळं उरकायचं असं त्याने ठरवलं होतं, पण जुनं पिनियन काढण्यातच वेळ गेला. ते काढून त्याने फडक्यावर ठेवलं, नवं शेजारी ठेवलं, आणि बेअरिंग ओढायला यंत्र लावत होता तेव्हा मागे सावली पडली. दादा झोपेतून उठून, तोंडावर पाणी मारून, ताजातवाना होऊन आला होता. त्याने वाकून फडक्यावरचं जुनं पिनियन उचललं, उन्हात फिरवलं, अंगठ्याने दाताची धार चाचपली. मग क्राउनकडे बघितलं. दादाच्या कपाळावर हळूहळू आठ्या चढत गेल्या, आणि त्याला कितीतरी दिवसांनी तो चेहरा पूर्ण आपल्या ओळखीचा वाटला.

"हे कुणी बसवलं होतं?"

त्याने हातातल्या यंत्राचा स्क्रू आणखी एक फेरा आवळला.

"मी विचारतोय, ही घाण कुणी केली? जुनं पिनियन नव्या क्राउनला? अरे, आंधळ्यानं हात फिरवला तरी कळेल! बाई माणूस रात्रीअपरात्री गाडी घेऊन फिरते, आजारी माणसांकडे जाते. हे लॉक झालं असतं पुलावर तर? कुणी केलंय हे काम?"

"मी," तो म्हणाला.

बोलून गेल्यावरच त्याला ते ऐकू आलं. दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग जे सुरू झालं ते त्याने शाळेत असताना ऐकलं होतं, मिसरूड फुटताना ऐकलं होतं, आणि त्यानंतर कधी ऐकावं लागलं नव्हतं. तुझं लक्ष कुठं असतं. डोकं गहाण ठेवलंयस का. एवढी वर्षं काय माझं तोंड बघत होतास. गॅरेजवर वडिलांचं नाव आहे, पुसून टाक ते. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून फाटकाशी येऊन उभा राहिला आणि प्रकरण काय आहे ते कळल्यावर खाली मान घालून परत गेला. तो मान खाली घालून ऐकत होता. त्याचे डोळे भरून येत होते आणि दादाला वाटत होतं की बोलणं लागलं. त्यामुळे दादाचा आवाज जरा खाली आला. "ऊठ. पाना आण," दादा म्हणाला. "पहिल्यापासून दाखवतो. बघ नीट."

दादाने पहिल्यापासून दाखवलं. दोन्ही आकडे त्याला मोठ्याने वाचायला लावले. नवी बेअरिंगं पिनियनवर चढवली, पिनियन आत सरकवलं, नट आवळत आवळत मध्येच पाना बाजूला ठेवून ते दोन बोटांनी फिरवलं. "हात आण इकडं. किती जड फिरतंय बघ. याच्यापेक्षा हलकं नको, याच्यापेक्षा जड नको. हे आकड्यात सांगता येत नाही." दादाची बोटं त्याच्या बोटांवर होती, जाड, तेलाने गुळगुळीत, आणि त्या बोटांना सगळं माहीत होतं. ती स्वतःची स्वतः हिंडत होती, बोल्ट शोधत होती, सील दाबून बसवत होती. तो बघत राहिला. हे कुठं जाणार आहे? एवढं सगळं या हातांत असताना कुठं जाऊ शकेल? नर्सबाई रोज शंभर आजारी माणसं बघतात, त्यांना प्रत्येकात आजारच दिसत असेल. डॉक्टरकडे जाऊ, ताकदीचं काहीतरी देतील.

क्राउन बसवायची वेळ आली. दोन्ही अंगांना द्यायच्या चकत्या दादाने तळहातावर घेतल्या, एक जाड, एक पातळ. एक उचलली, गाडीकडे नेली, आणि हात मध्येच थांबला. चकती चिमटीत होती. दादाने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. फाटकाशी थांबून बघायचा तसं. मग तळहातावरच्या दुसऱ्या चकतीकडे बघितलं. त्याच्या ओठांची थोडी हालचाल झाली, शब्द आला नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. ओळखीच्या घरात शिरावं आणि आत दुसरीच माणसं जेवत बसलेली दिसावीत तसं काहीतरी होतं.

"मी धरू?" त्याने हळूच विचारलं.

दादाने चिमटीतली चकती पुन्हा तळहातावर ठेवली. मग त्याने हात पुढे केला आणि दोन्ही चकत्या त्याच्या हातात ओतल्या.

"धर," दादा म्हणाला.

पुढचं काम त्याने केलं. दादा स्टूल ओढून जवळ बसला आणि एकदाही बोलला नाही, चुकतंय म्हणाला नाही, बरोबर म्हणाला नाही. रंग लावून गिअर फिरवला तेव्हा ठसा पुरता मधोमध पडला नव्हता. त्याने पुन्हा सगळं सोडलं, चकती बदलली, पुन्हा जोडलं. दुसऱ्या खेपेला ठसा दाताच्या मध्यावर पडला, लांबट, दोन्ही कडा सोडून. त्याने बाजूला होऊन दादाला दाखवला. दादाने वाकून बघितलं आणि नुसती मान हलवली.

उन्हं उतरताना दोघं गाडी घेऊन निघाले. दादा शेजारी बसला, हात मांडीवर. पुलाचा चढ आला, त्याने पाय दाबला. काही नाही. इंजिनाची घरघर, काचेला लागणारा वारा, खालून टायरची सळसळ. त्याने पाय सोडला, पुन्हा दाबला, वेग वाढवला. गाडी नुसती जात राहिली. दादाच्या सांगण्याशिवाय गिअरची जोडी त्याने पहिल्यांदाच जुळवली होती, आणि ती चांगली बसली होती. अशी गोष्ट दादाला सांगण्यासारखी असते. दादा शेजारीच होता.

"तू नव्हतासच त्या आठवड्यात," दादा म्हणाला.

त्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही.

"तुला ताप होता. वर झोपला होतास. मी एकटाच होतो." दादा एकेक शब्द जागेवर ठेवत बोलत होता, मध्ये थांबून, चाचपून. "म्हणजे तू नाही बसवलंस. मग मीच."

"दादा, होतं असं कधी—"

"थांब, बोलू दे. आत्ता लागतंय सगळं नीट." दादा खिडकीबाहेर बघत होता. पुलाखालचं पाणी मागे गेलं, घरं सुरू झाली. "मला आठवतच नाही रे ते. बसवताना मी होतो तिथं, असं आठवतच नाही. तुला एवढं बोललो, सगळ्यांसमोर. ज्याला बोलत होतो तो मीच."

त्याला वाटलं, गाडी थांबवावी, दादाचा हात हातात घ्यावा, लहानपणी तापात दादा घ्यायचा तसा. पण मागून कुणीतरी हॉर्न देत होतं, आणि तो चालवत राहिला.

"पुढं गिऱ्हाइकाच्या गाडीला मी हात लावायचा नाही," दादा म्हणाला. "मी विसरेन हे. तू विसरू नकोस. मी भांडेन तुझ्याशी, ऐकू नकोस माझं."

"बरं."

"आणि तिला सांगू नकोस. तुझ्या वहिनीला. तिला कळलं तर हाय खाईल ती."

"नाही सांगत," तो म्हणाला.

गाडी गॅरेजात लावून, हातपाय धुऊन दोघं घरी गेले तेव्हा वहिनीने चहा टाकला होता. दादा आपल्या खुर्चीवर बसला. तो दाराशी, भिंतीला टेकून. वहिनीने कप भरले, एक दादाला दिला, एक त्याला, आणि पदराला हात पुसत सहज विचारलं, "काय निघालं मग? सिस्टरच्या गाडीचं?"

दादाने कप ओठांशी नेला आणि खाली आणला. त्याने एकदा छोट्या भावाकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते पुढे कितीदा आठवूनही त्याला नीट सांगता आलं नसतं; इतकंच, की दादाने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं असेल तर ते तेव्हा.

"छोट्यानं घोळ घातला होता," दादा म्हणाला. "जुनं पिनियन बसवून ठेवलं होतं."

वहिनी वळली. दुपारी जड डबा ओढताना तिच्या बोटाला कापलं होतं, तिथं तिने चिंधी बांधली होती. ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दादाला तिची पाठ दिसत होती. चेहरा त्याला एकट्यालाच दिसत होता.

"काय रे," ती म्हणाली, आणि आवाज तिने बेताचा चढवला. "लक्ष कुठं असतं तुझं? ह्यांनी इतकं शिकवलं ते काय म्हणून?"

"चुकलं वहिनी," तो म्हणाला.

"असू दे गं," मागून दादा म्हणाला. "नको बोलूस त्याला. मी बोललोय चिक्कार. होतं असं माणसाचं."

"तुम्ही आहात म्हणून बरं," वहिनी म्हणाली, अजून त्याच्याकडेच बघत. "तुमच्या लक्षात आलं म्हणून."

"हो," दादा म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला. "साखर कमी झालीय."

वहिनी साखरेचा डबा आणायला आत गेली. ती लवकर बाहेर आली नाही. दोघं भाऊ समोरासमोर बसून, कप हातात धरून, तिची वाट बघत राहिले.